शेऱ्याचा रकाना

स्युवारी नदीच्या काठी, बेचाळीसच्या फेब्रुवारीत,
मी बंदूक नाही, फॉर्म घेऊन गेलो होतो.
राजधानीतून आणलेले, सायक्लोस्टाइलचे, दोनशे.
शाई गोठते म्हणून पेन्सिलींचा जुडगा.
प्रत्येक हत्याराला एक ते पाच गुण:
अचूकता, वजन, भरवसा, देखभाल.
तळाशी शेरा. दोन ओळींत.

जमिनीत खणलेल्या त्या ओंडक्यांच्या खोलीत
सात जण होते, पत्र्याची एक शेगडी
आणि दोरीवर वाळत घातलेल्या पायपट्ट्या.
भरवशाचं असं तिथं काही असेल
तर तो त्यांचा वास.

कॉर्पोरल पुल्किनेननं पेन्सिल कानावर खोचली.
म्हणाला, रायफल? उत्तम. घरी एल्क मारायला नेईन.
इथं पन्नास पावलांवर झाडी संपवते नजर,
हजार मीटरची बढाई कुणाला सांगायची?
छोटी ड्रमवाली असली की झोप लागते,
लिहा तसं. झोप लागते.
मी 'भरवसा' खाली पाच लिहिले.

मग ओत्तोनं घोंगडीतून काढली ती,
शत्रूची, पाडाव झालेली, डोक्यावर तबकडी,
ग्रामोफोनवर रेकॉर्ड ठेवावी तशी.
पोरीचं नाव ठेवलं होतं तिला, एम्मा.
बर्फ खाते, वाळू खाते, कुरकुर नाही,
आमच्या सासूला दाखवायला हवी.
सगळे हसले. मीही हसलो.
फॉर्मवर तिच्यासाठी ओळच नव्हती.
शत्रूच्या मालाला गुण द्यायचे नव्हते आम्हाला.

आपल्या कारखान्याच्या मशीनगनचं नाव घेतलं
तेव्हा कुणी बोललं नाही.
शेगडीत लाकूड तडकलं.
कोपऱ्यातला तौनो रेपो, दिवसभर गप्प असलेला,
त्यानं विचारलं, पाच म्हणजे किती?
मी म्हणालो, पाच म्हणजे उत्कृष्ट.
आणि तीन?
किल्ली बघावी लागेल, मी म्हणालो, पाठीमागे छापलीय.
राहू दे, म्हणाला. बाहेर ये.

बाहेर उणे छत्तीस होतं.
भिंतीला टेकून ती उभी होती, ऐमोची,
अजून कुणी हात न लावलेली.
तौनोनं हातमोजा दातांनी काढला
आणि खिट्टी मागे ओढली.
ती आली. आली, पण कशी,
गोठत्या मधातून चमचा निघावा तशी.
एक, तो म्हणाला. दोन. तीन.
एवढा वेळ लागला ऐमोला.
समोरच्याला एवढा लागला नाही.
तीन लिही. एक ते पाचमध्ये बसतंय ना?

बोटं बधिर झाली होती, तरी मी लिहिलं.
रात्री मेणबत्तीपाशी फॉर्म उलटून पाहिला.
तीन म्हणजे समाधानकारक.

खोडरबर होतं माझ्याकडे.
खोडलं नाही. शेऱ्यात लिहिलं,
'थंडीत तेल घट्ट होते.' एक ओळ.
दुसरी ओळ मोकळी सोडली.
ऐमोचं आडनाव विचारायचं राहिलं होतं.

एप्रिलमध्ये कारखान्याचं उत्तर आलं,
टंकलिखित, सहीशिक्क्यासह.
सरासरी गुण: समाधानकारक.
चाचणी-खोलीत, अठरा अंश तापमानात,
दोष आढळला नाही.
वापरकर्त्यांनी वंगण सूचनेप्रमाणे लावावे.

तोवर पुल्किनेनच्या लोकांनी सूचना शेगडीत घातल्या होत्या
आणि तिचा एकेक भाग रॉकेलनं धुऊन
हाडासारखा कोरडा केला होता.
गंज चढला. पण चालू लागली, म्हणे.
हे कळवायला मात्र फॉर्म नव्हता.

आता मी कुओपिओत असतो. ऐकू कमी येतं.
दर ऑक्टोबरात सरपणाच्या खोलीचं कुलूप काढतो,
दाराची कडीही,
आणि फडक्यानं तेलाचा थेंब न् थेंब पुसून काढतो.
बायको म्हणते, गंजेल ते.
गंजू दे.
एका ओढीत उघडलं पाहिजे.